खुर्च्या खाली उतरल्यावर

पियानोला सूर लावून देण्याचा उद्योग मी पन्नास वर्षे केला. आणि एवढ्या अवधीत मुंबईतील ज्या ज्या हॉटेलांत, क्लबांत आणि उपाहारगृहांत माझी पायधूळ झडली त्यांपैकी एकाचेही सायंकाळचे रूप मी पाहिलेले नव्हते, असे सांगितले तर ते कोणालाही अतिशयोक्तीचे वाटेल. वस्तुस्थिती मात्र तशी होती खरी. आमची वेळ सकाळची. दहाच्या सुमारास मागल्या दाराने, मुदपाकखान्यातून, कांद्यांच्या पोत्यांना आणि बर्फाच्या लाद्यांना वळसा घालून आत जावे, तो दिवाणखान्यातल्या खुर्च्या टेबलांवर पालथ्या घालून ठेवलेल्या असत, फरशीवर फिनेलच्या पाण्याचे ओले पट्टे ओढलेले असत, आणि ज्या झुंबराखाली रात्री नाचगाणे झाले असेल त्याला शिडी लावून एखादा पोऱ्या गेलेले दिवे बदलत असे. त्या उजेडात कोणतेच वैभव टिकत नाही. मखमलीवरचे डाग दिसतात, आरशांचा उडालेला पारा दिसतो, आणि पियानोच्या झाकणावर पेल्यांनी उमटवलेली वर्तुळे तर मोजता येतात. मी ती पुष्कळदा मोजली आहेत.

या धंद्यात मी शिरलो तो वडिलांच्या मर्जीविरुद्ध. त्यांचे गिरगावात पेटीदुरुस्तीचे लहानसे दुकान होते. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली, तेव्हा पेटी हे वाद्य बेसूर आहे म्हणून तिच्यावर जे आरोप झाले ते वडिलांना मनातून मान्य होते आणि त्याच वाद्यावर पोट चालत असल्यामुळे उघडपणे अमान्य होते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे गणित मांडून 1910 साली पुस्तक काढले; त्यांचे नाव आमच्या घरी एखाद्या कुलपुरुषाचे घ्यावे तसे घेतले जाई. अशा माणसाच्या मुलाने पियानोच्या वाटेला जावे, हे त्यांना कसे रुचावे? ‘‘बाराच्या बारा सूर थोडे थोडे खोटे लावायचे, आणि वर त्याचे पैसे घ्यायचे!’’ एवढेच ते म्हणाले, आणि दुर्दैवाने त्यात असत्य काहीच नव्हते. पियानोत कोणत्याही पट्टीवरून षड्ज धरता यावा म्हणून प्रत्येक पंचम अर्ध्या स्वराच्या सुमारे पन्नासाव्या भागाने उतरवून ठेवावा लागतो, आणि गंधार तर चांगलाच चढा राहतो. मधल्या सी खालचे एफ आणि ए एकत्र वाजवले तर सेकंदाला जवळजवळ सात हेलकावे ऐकू आले पाहिजेत. पाच आले तर काम चुकले, नऊ आले तरी चुकले. शास्त्राच्या पुस्तकात यांना विस्पंद म्हणतात. खोटेपणा सर्वांना सारखा वाटून देणे, कोणा एकाच्या पदरी तो अधिक पडू न देणे, यालाच आमच्याकडे सूर लावणे म्हणतात. पुढे सरकारी कचेऱ्यांशी संबंध आला तेव्हा तेथील पुष्कळसा कारभार मला यामुळे आधीच समजलेला होता.

1973 साली, एकोणिसाव्या वर्षी, मी धोबीतलावच्या एका गोवेकर वृद्धाच्या हाताखाली उमेदवारी करू लागलो. त्यांना सारे ‘मेस्त्री’ म्हणत. हा शब्द पोर्तुगिजांचा, ज्या किल्लीने आम्ही खुंट्या पिळतो त्या ‘चावी’चा शब्द पोर्तुगिजांचा, आणि महिनाअखेर मेस्त्री जो कुरकुरत हातावर ठेवीत तो ‘पगार’ही पोर्तुगिजांचाच. म्हणजे गुरू, साधन आणि फल या तिन्ही गोष्टी मला एकाच भाषेने दिल्या, आणि त्या भाषेतले एक वाक्यही मला कधी बोलता आले नाही.

मेस्त्रींचे बालपण सासष्टीतल्या एका गावी गेले. त्या काळी गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी शिकवीत. त्यामुळे ज्यांच्या घरी दोन वेळची पेज निश्चित नव्हती अशी मुलेही कागदावरचे कोणतेही पाश्चात्य संगीत घडाघडा वाचत असत, आणि हीच विद्या त्यांना मुंबईस घेऊन येई. 1935 साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन निग्रो वादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हापासून या शहराला जॅझचे खरे वेड लागले. त्याच्यामागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला, आणि त्यांचे वादन कानांत साठवून गोव्याच्या या मुलांनी आपले ताफे उभे केले. ताजमध्ये मिकी कोरिया. चर्चगेट स्ट्रीटवर तर, जिला आज वीर नरिमन रोड म्हणतात, हॉटेलामागून हॉटेल आणि प्रत्येकात वाद्यवृंद. मेस्त्री सांगत, की रात्री फुटपाथवरून चालत गेले तर एका दारातले गाणे संपायच्या आत पुढल्या दारातले सुरू होई, आणि दोन पियानोंच्या सुरांत फरक असला तर तो मधल्या पानवाल्यापाशी उभे राहिले असता नेमका कळे. पन्नास साली दारूबंदी आली, तरी ही मंडळी तगली, कारण दिवसा त्यांना सिनेमाच्या स्टुडिओत काम होते. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, 1951 सालच्या ‘अलबेला’त जे धमाल संगीत दिले त्यात हळदोण्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांचा, ज्यांना जग ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखे, मोठा हात होता. पडद्यावरही ते आपल्या ताफ्यासह दिसतात. आमचे लोक ज्याला मराठमोळा ठेका समजून लग्नांच्या वरातींत नाचले त्याच्या पोटात किती ठिकाणचे पाणी होते, हे मेस्त्रींनी मला सांगितले नसते तर कळले नसते.

परंतु हे सर्व ऐकीव. मी आलो तेव्हा त्या वैभवाला ओहोटी लागली होती. तबकड्या आणि टेपा जिवंत वादकापेक्षा स्वस्त पडत, आणि पियानो एकामागून एक कोपऱ्यात सरकत होते. कोणावर फुलदाणी चढली, कोणावर गिऱ्हाइकांच्या छत्र्या. 1978 साली रंगभवनात पहिली जॅझयात्रा भरली, ती आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. तरीही मी गेलो नाही. दिवसभर हेलकावे मोजलेल्या कानांना रात्री शांततेखेरीज काही नको असे.

गेल्या डिसेंबरात फोर्टातल्या एका नव्या उपाहारगृहातून बोलावणे आले. नवे म्हणजे जुने दिसावे म्हणून बांधलेले. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, लाकूड वाकवून केलेल्या खुर्च्या, हिरव्या शेडचे दिवे, गल्ल्यावर बेकलाइटचा काळा टेलिफोन (त्याची तार कोठेही जोडलेली नव्हती), भिंतीवर पोल्सनच्या लोण्याची पत्र्याची पाटी, आणि मध्यभागी लंडनहून कोणे एके काळी आलेला उभा पियानो. व्यवस्थापक तरुण होते आणि सभ्य होते. ‘‘आम्हाला एकदम परफेक्ट नको आहे,’’ ते म्हणाले. ‘‘थोडा जुना आवाज राहू द्या. रेट्रो फील आला पाहिजे.’’ मी त्यांना सविस्तर सांगू शकलो असतो, की ज्या काळाची ही नक्कल आहे त्या काळी चर्चगेट स्ट्रीटवरच्या मोठ्या हॉटेलांतल्या पियानोंना नियमितपणे सूर लावून घेत. की सूर उतरलेला पियानो ठेवणे ही तेव्हा बेअब्रूची गोष्ट मानीत. आणि की हा ‘जुना आवाज’ त्या जुन्या माणसांनी ऐकला असता तर त्यांनी मेस्त्रींना बोलावणे पाठवले असते. पण सत्तरीत माणसाने आपली व्याख्याने घरच्यांसाठी राखून ठेवावी. मी कोट काढला आणि पियानोचे पुढले फळकूट उतरवले.

काम दोन दिवसांचे निघाले. 1939 साली लंडनच्या परिषदेत जो ठरला तो 440चा ए माझा चिमटा देतो. हा पियानो त्याच्या पाव स्वर खाली जाऊन बसला होता. दोनशेवीसच्या वर तारा, त्यांचा एकत्रित ताण अठरा टनांच्या घरात. तो एकदम चढवला तर तारा तुटतात, म्हणून पहिल्या दिवशी ढोबळ चढवून रात्रभर लाकडाला सवय होऊ द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी नमद्याची लांब पट्टी तारांत खोचून प्रत्येक स्वराची एकेकच तार मोकळी ठेवली, ए धरला, मधले सप्तक बांधले, तेथून वर गेलो, खाली गेलो, आणि शेवटी पट्टी काढत काढत तीन तीन तारा एकमेकींत मिळवू लागलो. तीन तारा अशा मिळाल्या पाहिजेत की एकच वाजते आहे असे वाटावे. मधल्या सी वरच्या ई शी येऊन मी अडलो. त्याच्या उजव्या तारेची खुंटी धरीना. चावी लावून पिळावी, तार बरोबर जागेवर यावी, चावी काढावी, आणि दहा-बारा ठोक्यांत ती पुन्हा अंगचोरपणे खाली घसरावी. वातानुकूलनाने लाकूड सुकले होते आणि खुंटीचे भोक सैलावले होते. यावर औषध एकच: ती खुंटी काढून जाड खुंटी ठोकणे, आणि त्या मापाची खुंटी माझ्या पेटीत नव्हती. तेव्हा घसरत्या तारेच्या कुशीत नमद्याची लाल पाचर बसवून मी तिचे तोंड बंद केले. उरलेल्या दोन तारांवर तो ई एखाद्या रात्रीपुरता निभावून गेला असता.

व्यवस्थापकांनी हिशेब चुकता केला आणि आर्जवाने म्हणाले, ‘‘सर, आज उद्घाटनाचा आठवडा आहे. मॅडमना घेऊन संध्याकाळी या. आमच्याकडून.’’ असे निमंत्रण मला पन्नास वर्षांत कोणी दिले नव्हते.

साडेआठला आम्ही दोघे पुढल्या दाराने आत गेलो. दरवानाने सलाम केला तेव्हा मला क्षणभर आपण चुकीच्या दाराने आल्यासारखे वाटले. सकाळी पाहिलेली जागा ती हीच, याची खूण पटवणारी एकही वस्तू दिसेना. खुर्च्या खाली उतरल्या होत्या आणि त्यांच्यावर माणसे बसली होती, एवढ्याने सर्व पालटले होते. सौभाग्यवतींनी प्रथम चमचा उचलून पाहिला. ‘‘जड आहेत हो,’’ त्या समाधानाने म्हणाल्या. टोमॅटोचे सूप आले, भाज्यांवर चीज घालून भाजलेला तो पदार्थ आला. पियानोचे पुढले फळकूट मी सकाळी बसवले होते ते आता काढून ठेवलेले होते आणि आत एक लहानसा दिवा लावला होता, म्हणजे हातोड्यांची हालचाल गिऱ्हाइकांना दिसावी. ‘‘बघा, तुमच्या हातोड्या,’’ सौ. म्हणाल्या. मला कल्पना आवडली. उभ्या पियानोचा आवाज त्याने खुलतोही.

वाजवणारे तिघे. मोठे उभे बास घेतलेले एक गृहस्थ, ढोलांवर काठ्यांऐवजी तारांचे कुंचले फिरवणारा एक मुलगा, आणि पियानोवर वसईचा पंचविशीचा तरुण. दुपारी तो पियानो पाहून गेला होता तेव्हा आमचे चार शब्द झाले होते. त्यांनी पहिले गाणे सुरू केले, आणि दुसऱ्याच ओळीत तो ई वाजला.

त्या आवाजाचे वर्णन कसे करावे? पंक्तीत कोणी ओले कांबळे झटकावे तसे झाले. पाचर निघाली होती. मान उंच करून पाहिले तो दिव्याच्या उजेडात तारा स्वच्छ, तांबडा ठिपका कोठेही नाही. सजावटीत ती डोळ्यांना खुपली असावी आणि कोणीतरी नीटनेटकेपणाने उपटून काढली असावी. माझ्या हातातला काटा तसाच राहिला. भोवतालच्या वीस टेबलांवर कोणाच्याही ते ध्यानी आले नव्हते. लोक हसत होते, पेले भिडवत होते. आणि मी मात्र एखाद्या आरोपीने कैफियत तयार करावी तसा मनातल्या मनात पाचर, खुंटी आणि वातानुकूलन यांची हकिकत जुळवीत होतो.

‘‘अहो, जेवा की. गार होतंय.’’

मी जेवत होतो, पण कान तेथेच होते. आणि म्हणूनच पुढे जे घडले ते मला कळले. त्या मुलाने तो ई परत वाजवला नाही. पहिले गाणे त्याने कसेबसे आटोपले. दुसऱ्यापूर्वी बासवाल्याच्या कानात काही कुजबुजला, आणि गाणे ए फ्लॅटमध्ये उचलले. तिसरे ई फ्लॅटमध्ये. या घरांत ई हा पाहुणा असतो, कुटुंबातला नव्हे. तो न आला तर कोणी विचारत नाही. गर्श्विनचे ‘समरटाइम’ आले तेव्हा उजव्या हाताची तान वरून सरसर उतरत येई, त्या एका पट्टीपाशी येताच हलकेच शेजारच्या काळीवर उडी घेई आणि पलीकडे निघून जाई. तान तोडावी लागली म्हणून ती लंगडली नाही. उलट त्या जागी एक छोटासा श्वास उत्पन्न झाला, आणि ढोलावरच्या मुलाने तो हेरून प्रत्येक वेळी तेथे कुंचल्याचा एक फटकारा ठेवायला आरंभ केला. अंधारात घरातला मनुष्य ज्या फरशीचा तुकडा हलतो तिच्यावर पाय देत नाही, तसे हे चालले होते. सुरांच्या बाजारात सारी हयात गेली, पण एका स्वराभोवती गाणे असे वळण घेऊन वाहताना मी ऐकले नव्हते. कारण माझे काम त्या वळणाचे कारणच नाहीसे करण्याचे.

मध्यंतर झाले तसा मी उठलो. खिशातले एक व्हिजिटिंग कार्ड घडी घालून घालून पाचरेएवढे केले होते. पियानोपाशी तो मुलगा पाणी पीत उभा होता.

‘‘माफ कर रे बाबा. आत्ता बसवतो. दोन मिनिटांचं काम आहे.’’

त्याने माझ्या हातातले कार्ड पाहिले आणि तो हसला. ‘‘राहू द्या, अंकल. अजून घसरतोय तो. शेवटपर्यंत कुठे जातो, बघू या ना.’’

‘‘अरे, पण लोक...’’

‘‘लोक जेवतायत,’’ तो म्हणाला.

मी कार्ड हातात घेऊनच जागेवर आलो. कॅरमेल कस्टर्ड येऊन बसले होते. दुसऱ्या भागातही बराच वेळ तो ई मुका राहिला, आणि माझा राग, जो खरे तर स्वतःवरचा होता, हळूहळू कुतूहलात विरघळला. अखेरीस त्याने ब्लूज धरला: चार चार मात्रांचे बारा विभाग, पुन्हा पुन्हा फिरणारे, संथ, आणि धरला तो सी मध्ये. जो ई संध्याकाळभर चुकवला तोच तेथे गंधार होऊन बसतो. ब्लूज ज्यांनी निर्माण केला त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गळ्यातला गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. तो मधे कोठेतरी राहतो. गाणाऱ्याला, तुतारीवाल्याला ती जागा घेता येते. पियानोवाल्याला दोन पट्ट्यांच्या मधे बोट घालायला फटच नाही, म्हणून तो बिचारा दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून वेळ मारून नेतो. आणि येथे माझी सैल खुंटी घसरत घसरत नेमकी त्या मधल्या जागी येऊन पोचली होती. दोन तारा शुद्ध गंधारावर, तिसरी कोमलाच्या वाटेवर. आमच्या जोग रागात दोन्ही गंधार येतात, पण ते चढता-उतरता आपापल्या पाळीने. येथे ते एकाच पट्टीखाली एकमेकांशी वाद घालत होते. त्या मुलाने ती पट्टी दाबली, आणि सोडलीच नाही. स्वर डुलत राहिला. मग त्याने ती पुन्हा दाबली, थोडी हलकी, आणि बासवाले गृहस्थ मान खाली घालून स्वतःशीच हसले. मागल्या टेबलावरची बडबड थांबली. हेलकावे मी सवयीने मोजायला घेतले होते ते कितवरून सुटले ते सांगता येत नाही.

सौ. भजनी मंडळात गातात. त्यांचा कान साधारण नाही. त्या माझ्याकडे झुकल्या. ‘‘हा सूर तुम्ही लावलात?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘हा सुटलाय.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून ऐकू लागल्या.

टॅक्सीत बसेपर्यंत त्या घडी घातलेल्या कार्डाची मला शुद्ध नव्हती. ते घामाने मऊ पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी मागल्या दाराने गेलो. कांद्यांची पोती जागेवर होती, खुर्च्या टेबलांवर पालथ्या होत्या, फिनेलचा वास होता. मेस्त्रींच्या जुन्या डब्यातून शोधून आणलेली जाड खुंटी ठोकली, तार गुंडाळली, चढवली, पन्नास-साठ वेळा पट्टी जोराने आपटून पाहिली. खुंटी तसूभर हलली नाही. मग सी आणि ई एकत्र धरून हेलकावे मोजले; सेकंदाला दहा, म्हणजे जितके हवेत तितके. तेवढ्यात तेथले वाढप्यांचे कप्तान चहा घेऊन आले. पाचरेची चौकशी करताच ते ओशाळले. ‘‘ते लाल काहीतरी आत अडकलं होतं साहेब, बरं दिसत नव्हतं,’’ असे म्हणून त्यांनी गल्ल्यावरच्या पेनांच्या पेल्यातून ती काढून दिली.

माझ्या नोंदवहीत त्या दिवसाखाली दोनच ओळी आहेत. खुंटी एक, जाड, बदलली. पाचर एक, परत मिळाली.